गणपतीचं लाइव्ह, आठ कॅमेरे आणि राउटरमधली रांग: बफर नेमका किती ठेवायचा?

दांडियाबाजारकर

राम राम मंडळी,

आमच्या मंडळाची संध्याकाळची आरती आम्ही लाइव्ह दाखवतो. बघणारे निम्म्याहून जास्त बडोद्याबाहेरचे: पुण्याला नोकरीला गेलेली पोरं, कॅनडातल्या सुना, इंदूरचे व्याही. गेल्या वर्षी काही संध्याकाळी चित्र एकदम स्वच्छ आणि काही संध्याकाळी ऐन 'सुखकर्ता'ला गोठलेलं. यंदा आधीच तयारीला लागलो आहे, म्हणून हा धागा.

सामान असं आहे. फायबरची एकच जोडणी, डाऊन १०० आणि अप २० एमबीपीएस. मंडप आणि गल्ली मिळून ८ कॅमेरे. प्रत्येकाचा सरासरी वेग १.५ एमबीपीएस आणि सगळे थेट बाहेरच्या सर्व्हरवर रेकॉर्ड होतात. लाइव्ह ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधून ६ एमबीपीएसने जातं. म्हणजे १२ अधिक ६, एकूण १८. वाट २० ची. हिशेबात बसतंय ना?

शिवाय वरच्या मजल्यावर आमचे ट्रस्टी काका राहतात. त्यांचं नेटही याच जोडणीवर, आणि त्यांचा लेकीशी व्हिडिओ कॉल नेमका आरतीच्या वेळी.

दोन प्रकार करून पाहिले:

पहिला, सगळं थेट कंपनीच्या डब्याला जोडलं. पिंग (संदेश जाऊन परत येण्याचा वेळ) छान राहतं, ८-१० मिलिसेकंद, पण अधूनमधून पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) गळतात, ओबीएस लाल होतो, कॅमेऱ्याच्या चित्रात चौकोन पडतात.

दुसरा, मध्ये माझा जुना राउटर लावला आणि त्यात अपलोडला १९ ची मर्यादा घातली. पॅकेट गळणं जवळजवळ थांबलं. पण मंडळाच्या वायफायवरून कुणी फोटो चढवायला घेतले की पिंग ६०० च्या वर. काका म्हणतात, "मी नमस्कार म्हणतो आणि पोरगी सावकाशीनं नमस्कार म्हणते."

तर प्रश्न असा: बफर (राउटरमधली पॅकेटं थांबायची जागा) लहान असेल तर सांडतो, मोठा असेल तर तुंबतो. मग नेमका किती केबी ठेवायचा? काही सूत्र आहे का?

आगाऊ_कार्टा

आहे की. आरतीच्या वेळी पोरांचे फोन जमा करा.

मांडवीकर

आगाऊ, तुझं सूत्र विनोदी आहे पण तितकंसं चुकीचं नाही.

दांडियाबाजारकर, सूत्र आहे आणि जुनं आहे. लिंकचा वेग गुणिले पॅकेट जाऊन परत येण्याचा वेळ. १९९४ मध्ये व्हिलामिझार आणि साँग यांनी एएनएसनेट या अमेरिकेतल्या जाळ्यावरच्या प्रयोगांतून ते मांडलं आणि पुढे राउटर बनवणाऱ्यांनी जवळजवळ वेद मानलं. कारण सरळ आहे. टीसीपीचं (पोचल्याची पावती घेत पाठवायच्या पद्धतीचं) एखादं पॅकेट गळलं की पाठवणारा आपला वेग निम्मा करतो. तो सावरेपर्यंत लिंक रिकामी राहू नये म्हणून रांगेत तेवढा माल शिल्लक हवा.

तुमच्याकडे २० एमबीपीएस आणि जाऊन-येऊन वेळ १०० मिलिसेकंद धरला तर २ मेगाबिट, म्हणजे २५० केबी. लाइव्हचा सर्व्हर मुंबईला असेल तर वेळ त्याच्या चौथाई-पंचमांश, मग ५०-६० केबीसुद्धा पुरतात. तेवढं ठेवा आणि निर्धास्त व्हा.

नेटकरी_फतेगंज

मांडवीकर काका, आदर राखून असहमत. सूत्र बरोबर आहे, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. लिंक शंभर टक्के भरलेली ठेवायला किती बफर लागतो, तेवढंच ते सांगतं. ट्रस्टी काकांचा कॉल नीट चालेल का, याबद्दल ते गप्प आहे.

आधी ते ६०० मिलिसेकंद कुठून आले ते पाहू. जुन्या लिनक्स राउटरमध्ये बाहेर जाणारी रांग बहुतेक वेळा १००० पॅकेटांची असते. १००० गुणिले १५०० बाइट म्हणजे १.५ एमबी, म्हणजे १२ मेगाबिट. १९ ने भागा. ६३० मिलिसेकंद. तुमच्या राउटरने पुस्तकातलं गणित करून दाखवलं आहे. हा १००० चा आकडा वेगवान इथरनेटसाठी ठीक होता. तोच आकडा १ एमबीपीएसच्या जुन्या जोडणीवर १२ सेकंदांची रांग करतो! पॅकेटांत किंवा केबीत मोजलेला बफर वेग बदलला की निरर्थक होतो. मोजायचं तर मिलिसेकंदात मोजा.

जिम गेटिस यांना २०१० च्या सुमाराला घरच्याच जोडणीवर हे दिसलं आणि 'बफरब्लोट' हे नाव तिथून रूढ झालं. मेमरी स्वस्त झाली, मॉडेम-राउटरवाल्यांनी ती सढळ हाताने घातली आणि पॅकेट गळणं म्हणजे पाप अशी समजूत झाली. पण टीसीपीला पॅकेट गळल्यावरच कळतं की पुढे जागा नाही. गळूच दिलं नाही तर तो वेग वाढवतच जातो, बफर केवढाही असो. फोटो चढवणारा एक फोन तुमची १.५ एमबी भरतो, तसाच १५ एमबीही भरेल.

खरी गोम याच्या पुढे आहे. बफर असतो तो अचानक येणारा लोंढा झेलायला. फोनने तो आधीच काठोकाठ भरून ठेवला तर कॅमेऱ्याचा लोंढा आला की जागाच नाही, सांडणारच. बडोदेकरांना हे वेगळं सांगायला नको. आजवा तलाव आधीच तुडुंब असला आणि वर पाऊस कोसळला की काय होतं ते ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने घरात येऊन दाखवलं. तलाव केवढा मोठा यापेक्षा पाऊस येताना तो किती रिकामा होता, ते महत्त्वाचं.

म्हणून 'किती केबी' सोडा. प्रश्न असा विचारा की रांग उभी राहिली तर ती किती वेळ उभी राहू द्यायची? कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' मांडलं ते नेमकं यासाठी. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं तेवढंच ते बघतं. सलग १०० मिलिसेकंद रांगेतला वेळ ५ च्या खाली उतरलाच नाही, तर ही कायमची रांग आहे असं समजून एखादं पॅकेट गाळतं, आणि तरी उतरला नाही तर जरा लवकर लवकर गाळतं. क्षणिक लोंढ्याला हात लावत नाही. त्यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग दिली की 'एफक्यू-कोडेल'. लिनक्समध्ये ते २०१२ पासून आहे, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आपोआप मिळतं. २०१८ मध्ये त्याच घराण्यातलं 'केक' लिनक्समध्ये आलं, ते बसवायला आणखी सोपं.

एडमंटनची_वहिनी

तांत्रिक काही कळलं नाही, पण प्रेक्षक म्हणून सांगते. गेल्या वर्षी आमच्याकडे आरती २०-२५ सेकंद उशिराने दिसत होती (जाऊबाईंचा फोन चालू होता म्हणून कळलं), आणि आम्हाला त्याने काडीचाही फरक पडला नाही. गोठत होतं, त्याचा राग यायचा.

नेटकरी_फतेगंज

वहिनी, तुम्ही धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली आहे.

तुमच्या टीव्हीतल्या प्लेअरमध्येही बफर असतोच आणि तो सेकंदांत मोजतात. लाइव्ह प्रक्षेपण २ ते १० सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतात. प्लेअर दोन-तीन तुकडे हाताशी ठेवूनच चित्र सुरू करतो. म्हणून २०-२५ सेकंद. मध्ये नेट दोन सेकंद अडखळलं तरी तुम्हाला कळत नाही. हा बफर तुमचा एकटीचा, त्याने दुसऱ्या कुणाचं पॅकेट अडत नाही.

राउटरमधला बफर सामाईक. तिथे लाइव्हसाठी दोन सेकंदांची जागा केली तर काकांचा कॉलही त्याच दोन सेकंदांच्या मागे उभा राहतो. आयटीयू या जागतिक दूरसंचार संस्थेच्या जी.११४ शिफारशीनुसार बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. तेव्हा व्हिडिओचा बफर दोन टोकांना ठेवा, एन्कोडरमध्ये (व्हिडिओ संकुचित करून पाठवणाऱ्या भागात) आणि प्लेअरमध्ये. मधल्या डब्यात नको.

मांडवीकर

ऐकायला गोड आहे. पण माझे दोन मुद्दे.

एक, माझं सूत्र जुनं असेल, पण पुढे ते सुधारलंही गेलं. २००४ मध्ये अॅपनझेलर, केस्लासी आणि मॅककीऑन यांनी दाखवलं की पुष्कळ प्रवाह एकत्र असतील तर त्यांचे चढ-उतार एकमेकांना खाऊन टाकतात. मग सूत्राला प्रवाहांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. २.५ गिगाबिटच्या लिंकवर १०,००० प्रवाह असतील तर बफर ९९ टक्के कमी केला तरी चालतं. म्हणजे लहान बफरला आम्हा जुन्या लोकांचा विरोध नाही.

दोन, कोडेल हे टीसीपीसारख्या ऐकून घेणाऱ्यांसाठी आहे. यांचे कॅमेरे यूडीपीने (पावती न घेता पाठवायच्या पद्धतीने) पाठवत असतील तर त्यांना पॅकेट गळल्याचा पत्ताही लागणार नाही. त्यांच्याकडून एक पॅकेट गाळून काय मिळवलं? कीफ्रेममधलं (पूर्ण चित्राच्या फ्रेममधलं) गळलं असेल तर पुढची कीफ्रेम येईपर्यंत चित्राचे चौकोन.

नेटकरी_फतेगंज

दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य, त्यावर येतो. पहिल्यावर एवढंच की मंडळाच्या जोडणीवर १०,००० प्रवाह नाहीत, दहा-बारा आहेत, आणि त्यातही रांग भरणारा फोन एखादा. वर्गमुळाचा फायदा महामार्गावरच्या राउटरला. गल्लीच्या तोंडाशी त्याचा उपयोग नाही.

कलाभवन_एमई

मध्येच घुसतोय. सेमिनारसाठी हाच विषय वाचत होतो, त्यामुळे गप्प बसवेना.

'बफर वाढवला की सांडणं झपाट्याने कमी होतं' हा समज टेलिफोनच्या काळातल्या गणितातून आला आहे. त्या प्रकारच्या ट्रॅफिकमध्ये सांडण्याची शक्यता बफरच्या प्रमाणात घातांकाने घटते. पण १९९४ मध्ये लेलँड, टक्कू, विलिंगर आणि विल्सन यांनी बेलकोर या अमेरिकन टेलिफोन संशोधन संस्थेच्या इथरनेटची मोजमापं छापली, आणि दिसलं की तिथले लोंढे कोणत्याही मापाने पाहिले तरी लोंढेच दिसतात. सेकंदाच्या पट्टीने, मिनिटाच्या पट्टीने, तासाच्या. त्याच वर्षी गॅरेट आणि विलिंगर यांनी दोन तासांचा एक अख्खा सिनेमा संकुचित करून त्याच्या सुमारे १,७१,००० फ्रेमचे आकार तपासले. तिथेही तेच. मारामारीचं दृश्य लांबतं तेव्हा मोठ्या फ्रेमही लांबतच जातात.

याचा बफरवर परिणाम फिनलंडच्या इल्का नॉरोस यांनी दाखवला, तोही १९९४ मध्ये. सांडण्याची शक्यता हजारात एकवरून दहा लाखांत एकवर आणायची असेल, तर साध्या ट्रॅफिकला बफर दुप्पट करून भागतं. हर्स्ट गुणांक (लोंढे किती लांबवर टिकतात त्याचं माप) ०.८ असेल तर साडेपाच पटींहून जास्त लागतो. आणि तेवढ्याच पटीने रांगेतला कमाल उशीर! म्हणजे व्हिडिओसाठी बफर वाढवत बसणं हा तोट्याचा धंदा. वेग वाढवा किंवा उगमाशीच व्हिडिओचे चढ-उतार कापा.

मांडवीकर

शाब्बास. पण सेमिनारमध्ये परीक्षक दुसरी बाजू विचारतील, ती पण वाचून जा. १९९६ मध्ये र्यू आणि एलवालिद यांनी दाखवलं की बफर लहान असेल तर रांगेला एवढी लांबची आठवण नसते. रांग मधेच रिकामी होते आणि मागचं सगळं पुसलं जातं. ३०-४० मिलिसेकंदांच्या बफरला तासाच्या पट्टीवरचा लोंढा दिसतच नाही. त्याला फक्त जवळच्या काही फ्रेम दिसतात.

आणि मंडपातला कॅमेरा म्हणजे सिनेमा नव्हे. समोर तोच गणपती, तेच तोरण. दृश्य बदलतंच कुठे? इथे हर्स्ट-बिर्स्ट नको. इथे कीफ्रेम बघा.

कलाभवन_एमई

हे वाचलं नव्हतं. नोंदवून घेतलं, धन्यवाद सर.

केबलकाका

मी ऑपरेटर बाजूचा. नाव-गाव विचारू नका, इथले निम्मे लोक माझेच ग्राहक असतील :)

तुम्ही सगळे बफर-बफर करताय. भाऊंच्या पहिल्या प्रकारात बफर नाहीच, ही गोष्ट कुणी लक्षात घेतली नाही. जीपीऑनमध्ये (एकच फायबर अनेक घरांत वाटायच्या पद्धतीत) ओएलटीचा, म्हणजे आमच्या टोकाच्या यंत्राचा, एक पोर्ट अपलोडला १.२४४ गिगाबिटचा असतो, तो ३२ किंवा ६४ घरांत वाटायचा. २० चा प्लॅन म्हणजे तार २० ची नसते, आकडा वर कुठेतरी घातलेला असतो. तो घालायच्या दोन तऱ्हा. शेपिंगमध्ये जादा पॅकेट रांगेत थांबतं. पोलिसिंगमध्ये टोकन (पाठवायचे परवाने) संपले की जादा पॅकेट थेट गळतं, थांबवणं-बिंबवणं नाही. पोलिसिंग स्वस्त, मेमरी लागत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी तेच असतं. टोकनची साठवण एकदम येणारे समजा २५० केबी झेलते. त्याहून मोठा लोंढा आला की पिंग सुंदर आणि चित्र फाटकं. भाऊंची लक्षणं हीच आहेत.

उपाय भाऊंनी अर्धा केलाच आहे. राउटरवर १९ ची मर्यादा घातली म्हणजे रांग आमच्याकडून उचलून स्वतःच्या घरी आणली. आता ती नीट चालवा म्हणजे झालं. आणि १९ नको, १८ ठेवा. आमच्या मोजणीत तुमच्या पॅकेटवरचं आणखी एखादं आवरण धरलेलं असू शकतं.

दांडियाबाजारकर

काका, १८ ठेवले तर माझे १८ कसे मावणार?

नेटकरी_फतेगंज

नाहीच मावणार, तीच मेख आहे. आता कीफ्रेमचं गणित मांडतो, जरा लांब आहे.

१.५ एमबीपीएस, सेकंदाला २५ फ्रेम, दर ५० फ्रेमना एक कीफ्रेम. म्हणजे दोन सेकंदांत ३७५ केबी. कीफ्रेममध्ये पूर्ण चित्र असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त फरक. कीफ्रेम ६० केबीची धरली तर उरलेल्या ४९ फ्रेम साधारण ६.४ केबीच्या.

आता आठही कॅमेऱ्यांची कीफ्रेम एकाच क्षणी आली तर ४८० केबी एकदम. २० च्या वाटेवरून ते जायला १९२ मिलिसेकंद. केबलकाकांचे २५० केबी धरले तर सव्वादोनशेच्या आसपास केबी जमिनीवर. हे झालं सांडणं.

पण तुंबणं याहून वाईट. लोंढा उतरतो तो उरलेल्या वेगाने. नुसत्या मधल्या फ्रेमचे आठ कॅमेऱ्यांचे १०.२४ एमबीपीएस आणि लाइव्हचे ६ मिळून १६.२४. उरले पावणेचार. लोंढ्यातला जादा माल ३.४ मेगाबिट. तो पावणेचारने उपसायला जवळजवळ एक सेकंद! आणि दुसऱ्या सेकंदाला पुढची कीफ्रेम दारात. म्हणजे सरासरी १८ असली तरी निम्मा वेळ रांग उभीच. ९० टक्के भरलेल्या वाटेवर हेच होणार.

आता एक विचारतो. ज्या संध्याकाळी बिघडायचं, त्या संध्याकाळी लाइट गेली होती का?

दांडियाबाजारकर

अहो, हे कसं ओळखलंत? सगळ्याच नाही, पण दोनदा तर नक्की आठवतं. लाइट जाऊन आली आणि पुढे अख्खी संध्याकाळ चित्र खराब. आम्ही समजत होतो की स्विच तापला.

नेटकरी_फतेगंज

ओळखलं नाही, अंदाज होता. आठही कॅमेरे एकाच पीओई (नेटच्या तारेतूनच वीज देणाऱ्या) स्विचवर असतील. लाइट आली की सगळे एकदम उठतात. प्रत्येकाची कीफ्रेम दोन सेकंदांच्या फेऱ्यात कुठे बसणार ते त्या क्षणी ठरतं आणि सगळ्यांचा फेरा तोच असल्यामुळे पुढे तासन् तास तसंच राहतं. कधी आठही विखुरलेले पडतात, मग संध्याकाळ उत्तम. कधी पाच-सहा एकावर एक पडतात, मग रात्रभर तेच. सरासरीत काहीच फरक नाही, म्हणून मीटर बघून काही कळत नाही.

आगाऊ_कार्टा

म्हणजे चित्र बिघडलं की स्विच बंद-चालू करायचा आणि देवावर सोडायचं?

नेटकरी_फतेगंज

हसू नकोस, त्याने खरंच फरक पडू शकतो. पण चांगलं असेल तेव्हा बिघडायचीही तेवढीच भीती. त्यापेक्षा कीफ्रेमचं अंतर प्रत्येक कॅमेऱ्यात जरा वेगळं ठेवा: ४७, ४९, ५०, ५३ असं. कधीतरी एकावर एक येतील, पण तिथेच बसून राहणार नाहीत.

मांडवीकर

मग आता ते केक बसवायचंच का? माझा तिसरा आक्षेप राहिलाय. प्रवाहागणिक समान वाटप केलं तर आठ कॅमेरे रांगेत असताना लाइव्हच्या वाट्याला नववा हिस्सा येणार. १८ चा नववा भाग २. लाइव्हला हवेत ६. समान न्याय करायच्या नादात मुख्य देवच उपाशी!

नेटकरी_फतेगंज

बरोबर. हे केकच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही. फोन आणि कॉल यांच्यात समान वाटप उत्तम काम करतं, कारण कॉलला मुळात थोडंच लागतं आणि हलक्या प्रवाहाला रांगेत पुढे घेतलं जातं. पण एका प्रवाहाला एक तृतीयांश वाट लागत असेल तर त्याला वेगळी खूण करावी लागते. केकच्या चार कप्प्यांच्या मांडणीत व्हिडिओचा कप्पा आहे. तो निम्म्या वेगापर्यंत साध्या ट्रॅफिकच्या पुढे जातो. १८ चे निम्मे ९, लाइव्हचे ६, आरामात बसतं. कॅमेऱ्यांना सगळ्यात खालच्या कप्प्यात टाका. त्यांना घाई नाही, फुटेज चोरी झाल्यावरच बघतात.

यूडीपीच्या आक्षेपावर: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आरटीएसपी (कॅमेऱ्याचा व्हिडिओ मागवायची पद्धत) टीसीपीवरून पाठवायची सोय बहुतेक असते. ती चालू करा. मग गळलेलं पॅकेट परत पाठवलं जातं आणि कॅमेरा स्वतःच्या मेमरीत थांबतो. लोंढा पुन्हा टोकाला गेला, जिथे तो असायला हवा.

पण यातलं काहीही करण्याआधी १२ एमबीपीएस कॅमेरे बाहेर का जाताहेत, ते ठरवा. मंडपातच एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) ठेवा. आठही कॅमेऱ्यांचा मोठा प्रवाह दिवसाला १३० जीबीच्या आसपास होतो, दहा दिवसांचे १.३ टीबी. २ टीबीची डिस्क पुरते. बाहेर फक्त सब-स्ट्रीम (कॅमेऱ्याचा दुसरा, हलका प्रवाह), प्रत्येकी अर्धा एमबीपीएस. मग बेरीज ४ अधिक ६, दहा. सब-स्ट्रीमची कीफ्रेम २० केबीची धरली तर आठही एकावर एक पडल्या तरी १६० केबी. १८ च्या वाटेवर ७१ मिलिसेकंदांत साफ.

केबलकाका

एनव्हीआर विसर्जनाला नेऊ नका म्हणजे मिळवलं. आणि तो मंडपाच्या मागे ठेवू नका, काकांच्या घरात वर ठेवा. चोर कॅमेऱ्याआधी एनव्हीआरच नेतो.

सुरसागर_संध्याकाळ

अवांतर: एवढी चर्चा करण्यापेक्षा अपलोड ५० चा प्लॅन का नाही घेत? दहा दिवसांचा तर प्रश्न.

मांडवीकर

अवांतर नाही, रास्त आहे. वेग वाढला की लोंढा लवकर उतरतो. ५० वर तोच ४८० केबीचा लोंढा ७७ मिलिसेकंदांत जातो. पण फोटो चढवणारा फोन ५० चीही रांग भरतो. जुन्या राउटरची १००० पॅकेटं ५० वर २४० मिलिसेकंद होतात. कमी, पण कॉलला त्रास देण्यापुरती पुरे. प्लॅन वाढवा, पण रांगही आवरा. परवडत असेल तर दोन्ही.

दांडियाबाजारकर

मंडळी, चाचणी झाली. एनव्हीआर काकांच्या कपाटावर. बाहेर फक्त सब-स्ट्रीम. जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चढलं (भाच्याने चढवलं, मी चहा केला), केक लावलं, मर्यादा १८. कॅमेरे टीसीपीवर, कीफ्रेमची अंतरं वेगवेगळी. प्लॅन २० चाच आहे.

पोरांना मुद्दाम सांगितलं, सगळे मिळून व्हिडिओ चढवा. पिंग ३० च्या वर गेलं नाही. ओबीएस हिरवा. स्विच बंद करून चालू केला, तरी हिरवा. काकांनी वरून लेकीला कॉल लावला, आम्ही खालून आरती म्हटली. काका खाली येऊन म्हणाले की आवाज ठीक आहे, पण तुम्ही सगळे बेसूर म्हणता, हे गेल्या वर्षी कळलं नव्हतं.

एक अडचण शिल्लक आहे. डाऊनलोडला केक लावलं की या राउटरचा वेग ६०-६५ च्या पुढे जात नाही. प्रोसेसर दमतो.

नेटकरी_फतेगंज

डाऊनलोडला लावू नका. तुमचा गळा अपलोडचा आहे. शंभरात मंडपातलं कोण काय बघणार? फार तर वायफायवरच्या प्रत्येक फोनला डाऊनलोडची मर्यादा घाला. जुना प्रोसेसर अपलोडच्या १८ ला पुरतो, तेवढंच काम त्याला द्या.

सुरसागर_संध्याकाळ

हीच मांडणी नवरात्रात सोसायटीच्या गरब्याला चालेल का? तिथे लाइव्हचे तीन कॅमेरे आणि मैदानात हजारभर फोन.

केबलकाका

फोनवाले मोबाइल डेटावर राहू देत, वायफायचा पासवर्ड देऊच नका. अर्धं काम तिथेच झालं. लाइव्हचे तीन कॅमेरे मैदानातच मिक्सरला जोडा आणि बाहेर एकच प्रवाह पाठवा. आणि आपल्या ऑपरेटरला आठवडाभर आधी फोन करून विचारा, तुमच्याकडे शेपिंग आहे की पोलिसिंग. त्याला माहीत नसेल तर त्याच्या वरच्याचा नंबर मागा. गरब्याच्या दिवशी संध्याकाळी सातला फोन कराल तर मी तरी उचलणार नाही, मी पण गरब्याला असतो.